एका हातचा रोटा

आमच्या अहमदपूर तालुक्यात जुनं अवजार कधीच दोन हातांतून गेलेलं नसतं. ट्रॅक्टर घ्या, पेरणीयंत्र घ्या, मळणीयंत्र घ्या, विकणारा पहिल्याच वाक्यात सांगतो, "एका हातचं हाय, बगा." दुसरं वाक्य, "घरच्या घरी वापरलं, भाड्यानं कदीच दिलं नाय." आणि तिसरं, आवाज जरा ओला करून, "पोरीचं लगीन ठरलंय मनून काढायलाव, नायतर इकलंच नसतं." लातूर आणि नांदेड जिल्ह्यांत जेवढी जुनी अवजारं विकली गेली तेवढी लग्नं खरोखर लागली असती, तर एवढ्यात दोन्ही जिल्ह्यांत उपवर मुलगी औषधाला शिल्लक राहिली नसती. मला ज्यांनी रोटाव्हेटर विकला त्या गृहस्थांना एकुलता एक मुलगा आहे आणि तो चौथीत शिकतो, हे मला नंतर कळलं.

रोटाव्हेटर हे छापील नाव. गावात नुसतं 'रोटा'. ट्रॅक्टरमागं जोडायचा, इंजिनाचा जोर अवजाराला देणारा पीटीओचा दांडा टाकायचा, की पाती गरगर फिरतात आणि ढेकळांचं पीठ होतं. निदान तसं व्हावं अशी अपेक्षा असते. सोयाबीन निघालं की हरभऱ्यासाठी रान तयार करायला हातात थोडेच दिवस असतात, आणि नेमके तेच दिवस सगळ्या तालुक्याचे असतात. ज्याच्याकडं स्वतःचा रोटा नाही त्याला भाड्याच्या रोटेवाल्याच्या मागं फिरावं लागतं. तो रोज "उद्या सकाळी पयलं तुमचंच" म्हणतो, आणि असं तो दहाजणांना म्हणालेला असतो. नवा घ्यायचा तर लाखाच्या घरात जातो. अनुदानासाठी अर्ज केला होता, पण सोडतीत नाव निघण्याइतकं माझं नशीब कधी जोरात नव्हतं. राहता राहिला जुना.

पारख करायला सोबत आमचे चुलते आप्पा आले. आप्पांची हयात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत बैल पारखण्यात गेली. लाल कंधारी कुठला आणि देवणी कुठला हे तर कुणीही सांगेल; आप्पा नुसत्या चालीवरून बैलाचा मालक कंजूष आहे की नाही ते सांगतात. दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला, असा त्यांचा हिशेब. भोवरा कुठं आहे, खांदा आलाय का, शेपूट कशी हलते, आणि सगळं झाल्यावर उपरण्याखाली हातात हात घालून बोटांवर भाव.

रोट्यापुढं आप्पांनी हीच परीक्षा सुरू केली. आधी लांबून एक चक्कर मारली. मग पाठीवरून हात फिरवला. रंग इतका ताजा होता की आप्पांचा तळवा लाल झाला. तो त्यांनी धोतराला पुसला आणि वाकून पाती बघितली. सहा फुटी रोटा, ४२ पाती, एकूण एक कोरी.

"दात चांगले हायत," आप्पा म्हणाले. "लई तर दोन दाती असंल."

मालकाचा चेहरा खुलला. मी आपलं गिअर बॉक्सकडं बोट दाखवून विचारलं, "यात तेल वगैरे..." तर दोघांनीही माझ्याकडं, मोठ्यांच्या बोलण्यात मधेच बोलणाऱ्या पोराकडं बघतात तसं बघितलं. आप्पांनी सवयीनं उपरणं पुढं केलं, मालकानं त्याखाली हात घातला. बराच वेळ उपरणं हललं. एकदा आप्पा "हॅ" म्हणाले, एकदा मालक हात काढून जायला निघाला आणि दोन पावलांवरून परत आला. सौदा झाला. मोबाइलवरून पैसे पाठवायच्या या दिवसांत रोट्याचा भाव उपरण्याखाली ठरला, आणि काय ठरला ते मला पैसे पाठवायची वेळ आली तेव्हा कळलं.

दसऱ्याला पूजा केली. हळद-कुंकू, आपट्याची पानं, नारळ. ड्रायव्हरनं ट्रॅक्टर सुरू करून पीटीओ टाकला आणि रोट्यातून असा आवाज आला की शेजारच्या आखाड्यावरची कुत्री भुंकायची थांबली.

इथून पुढं माझ्या आयुष्यात मिस्त्री आले.

पहिल्या मिस्त्र्यांना मी फोन केला. त्यांनी विचारलं, "आवाज कसला हाय? खटखट का खडखड?"

मी म्हणालो, "म्हणजे, दोन्हीच्या मधला."

"मधला काई नसतोय, सर. खटखट असंल तर क्रॉस गेला. खडखड असंल तर बेअरिंग. घरघर असंल तर तेल नाय."

मी मोबाइल रोट्याजवळ नेला. ते बराच वेळ ऐकत राहिले, आणि मग म्हणाले, "मागं कुत्रं वरडायलंय का?" वर्गात साठ पोरांचा गलका चालू असताना नेमकं कोण बोललं ते मी फळ्याकडं तोंड करून सांगू शकतो, पण एका लोखंडी पेटीत खटखट आहे की खडखड, हे मला सांगता येईना. यावर बांधावर जमलेल्या मंडळींनी मतदान घेतलं. खडखडीला बहुमत होतं. एक जण 'कडकड' म्हणून अडून बसले, त्यांचा मुलगा पुण्याला इंजिनिअर आहे म्हणून त्यांचं मत वेगळं लिहून घेतलं.

मिस्त्री आले. मोटारसायकलवरून उतरले, तंबाखू मळली, रोट्याभोवती फिरले, कशालाही हात लावला नाही, आणि म्हणाले, "याला आधी कुणी हात लावला होता?"

हे वाक्य मी पुढं इतक्या तोंडांतून ऐकलं की हल्ली शाळेत गणिताची वही तपासताना माझ्याही तोंडून निघतं. कुठलाही मिस्त्री असो, ट्रॅक्टरचा, मोटारीचा, बोअरच्या पंपाचा, त्याला समोरच्या यंत्रापेक्षा आधीच्या माणसाचा राग जास्त असतो. तो आधीचा माणूस कधी हजर नसतो. त्यानं बोल्ट आवळताना आटे घालवलेले असतात, छिन्नी-हातोड्यानं नट काढलेला असतो, चुकीचं पॅकिंग घातलेलं असतं. त्याच्या नावानं बोटं मोडून झाली की नवा मिस्त्री कामाला लागतो, आणि जाताना पुढच्या मिस्त्र्यासाठी स्वतःच 'आधीचा माणूस' होऊन जातो.

पहिल्यांनी पीटीओ शाफ्टचे दोन्ही क्रॉस बदलले. शाफ्ट जसा होता तसाच परत बसवला. आवाज तसाच. दुसऱ्यांनी क्रॉस बघून विचारलं, "हे कुणी बसवलं?" आणि बाजूची बेअरिंगं बदलली. आवाज तसाच, पण आता त्याला बेअरिंगच्या बिलाचं वजन आलं. मग लेथवाले मामा. त्यांनी बेअरिंगवाल्याला नावं ठेवली आणि एक बुश करून दिला. वेल्डिंगवाल्यानं बुश बघून लेथवाल्या मामांना नावं ठेवली आणि चौकटीला दोन टाके मारले. शेवटी सुट्या भागांच्या दुकानदारानं यंत्र बनवणाऱ्यालाच नावं ठेवली, तेव्हा कुठं ही साखळी संपली. कारण त्याच्या आधी हात लावणारं कुणी उरलं नाही.

तसा एक उरतो. हे यंत्र मुळात ऑस्ट्रेलियातलं. न्यू साऊथ वेल्स प्रांतात गिलगँड्रा नावाचं गाव आहे, तिथं १९१२ साली आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड या तरुणानं वडिलांच्या शेतावर फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करायचे प्रयोग सुरू केले. पहिल्या पात्यांनी माती नुसती बाजूला उडायची, म्हणून त्यानं इंग्रजी एल अक्षरासारखं वाकडं पातं काढलं. आजही आपल्या रोट्याला बहुतेक तेच असतं. पेटंट घेतलं १९२० साली. माणूस हुशार होता यात शंका नाही, पण त्याच्या कामात एक मोठी सोय होती. त्याच्या यंत्राला आधी कुणी हात लावलेला नव्हता.

दुरुस्तीच्या या काळात माझ्याकडं एकच काम होतं. बॅटरी धरायचं. यंत्राखाली मिस्त्री आडवा झाला की मालकानं शेजारी उकिडवं बसून उजेड दाखवायचा. हे काम सोपं वाटतं. पण मालकानं बॅटरी कुठंही धरली तरी मिस्त्र्याला बघायचं असतं ते त्याच्या एक वीत पलीकडं. "सर, इकडं. इकडं नाय, इकडं. वर. थोडं खाली. आता हलवू नका." मी न हलवता धरली की ते स्वतःच डोकं मधे आणायचे आणि म्हणायचे, "उजेड कुटं गेला?" चहा आणायला गेलो तर "मालक ऐन वक्ताला गायब", आणि थांबलो तर "चहाचं काय झालं?" एका गोष्टीत मात्र मी कुणाचं ऐकलं नाही. कुणी रोट्याखाली जायच्या आधी इंजिन बंद करून चावी माझ्या खिशात. पीटीओवरचं प्लास्टिकचं कव्हर आमच्याकडं पहिल्याच हंगामात निघतं आणि कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून लागतं. उघडा दांडा फिरताना उपरणं, धोतर, ओढणी काहीही ओढून घेतो, आणि माणसाला सोडत नाही. आप्पांना तर मी उपरणं घरी ठेवून यायला लावलं. त्या दिवसापासून त्यांचं मशीनवरचं मन उडालं. उपरण्याशिवाय व्यवहाराला तोंड कुठून फुटणार?

मधे रोटा नाचायला लागला. म्हणजे आवाज होताच, वर थरथर आली. ट्रॅक्टरच्या सीटवर ड्रायव्हर असा हलायचा की त्याच्या खिशातली तंबाखू चुन्यासकट आपोआप मळून निघायची. (ही सोय त्याला आवडली होती, असं मला आता वाटतं.) तिसऱ्या की चौथ्या मिस्त्र्यानं पाती मोजली. ४२ भरली, पण डाव्या हाताची आणि उजव्या हाताची पाती वेगळी असतात हे बसवणाऱ्याच्या गावी नव्हतं. ती आळीपाळीनं, फिरत्या रांगेत लावायची असतात, म्हणजे एका वेळी सगळी जमिनीवर आदळत नाहीत. आमच्या रोट्यात एका बाजूला सगळी डावी जमली होती, दुसऱ्या बाजूला उजवी. अशी विभागणी राजकारणात बरी दिसते, रोट्यात नाही. पाती काढून नीट लावली. थरथर गेली. आवाज होताच.

मग गिअर बॉक्स उघडला. त्यातून तेलाऐवजी दुधाळ चहासारखं काहीतरी आलं. म्हणजे पाणी शिरलं होतं. दात्यांची टोकं झिजून गुळगुळीत. आप्पा तेवढ्यापुरते आले, आत डोकावले, आणि बैलाच्या बाजारात फसल्यावर माणूस ज्या आवाजात बोलतो त्या आवाजात म्हणाले, "अरं, ही कवळी हाय! वरचे दात नवे, आतलं तोंड म्हाताऱ्याचं."

"आप्पा, तुम्ही दोन दाती म्हणाला होता."

"मी कवळीचं सांगितलं होतं. बैलाला कवळी नसती, मला काय ठावं?"

आता खर्च मी रुपयांत मोजत नाही, सोयाबीनमध्ये मोजतो. त्यानं दुःख समजायला सोपं जातं. २०२५-२६ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये ठरलेला. त्या भावानं क्रॉस पायल्यांत गेले, बेअरिंगं पोत्यात गेली, आणि गिअर पोत्यांच्या थप्पीत गेला. बाजारात जो भाव प्रत्यक्ष हातात पडतो त्यानं हिशेब करायचा तर थप्पी छताला लागते, म्हणून मी हमीभावावरच थांबतो.

गिअर नवा, तेल नवं, सील नवं. दुसऱ्याच दिवशी सील गळायला लागलं. सील खराब, असं एकानं सांगितलं. शाफ्टला खाच पडलीय, असं दुसऱ्यानं. तिसऱ्यानं रोट्याखाली हात घालून काहीतरी ओढलं, ते निघता निघेना. मऊ, मातकट, मधेच चमकणारं. आमच्याकडं पीक वाचवायला, रानडुकरं आणि हरणं आत येऊ नयेत म्हणून बांधाच्या कडेनं जुन्या साड्या बांधतात. त्यातली एक वाऱ्यानं रानात आली असणार आणि फिरत्या दांड्याला गुंडाळत गुंडाळत तिचे नायलॉनचे दोरे सीलच्या ओठात घुसले. सीलला हे दोरे पात्यासारखे कापतात. पाच वार बाहेर निघाली, तेव्हा नेमकी बायको जेवणाचा डबा घेऊन आली होती.

ती थांबली. वाकून बघितलं. "ही माझी मोरपंखी," ती म्हणाली. "मी म्हणत होते कपाटात नाही. तुम्ही म्हणाला, लॉन्ड्रीवाल्यानं हरवली."

मिस्त्र्यांनी रोट्याखालून हळूच बॅटरी मागितली. मीही हळूच दिली. त्या दिवशी रोट्याच्या आवाजाबद्दल घरात एक शब्द निघाला नाही.

आवाज मात्र चालूच. मिस्त्री संपत आले होते. सगळे बांधावर बसलो होतो. एक जण म्हणत होता हा रोटा भंगारात घाला, दुसरा म्हणत होता खंडोबाला नवस बोला, पुण्याच्या इंजिनिअरचे वडील 'कडकड'वर ठाम होते. ड्रायव्हर ट्रॅक्टरच्या सावलीत पाय पसरून बसला होता. तो म्हणाला, "त्या शाफ्टचे काटे आडवे-उभे झालेत."

सगळे गप्प.

त्यानं उठून दाखवलं. पीटीओचा शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो, एक दुसऱ्यात सरकतो. दांडा चौकोनी, नळी चौकोनी. त्यामुळं चार प्रकारे आत जातो. त्यातल्या दोन प्रकारांत दोन्ही टोकांचे, क्रॉस धरणारे काटे एका रेषेत येतात, दोन प्रकारांत एक उभा आणि एक आडवा राहतो. चुकीचा घातला तरी सुखानं जातो, काही अडत नाही. फिरायला लागला की मात्र झटके देतो, आणि रोटा थोडा उचलला की जास्तच. आमचा उभा-आडवा होता. ड्रायव्हरनं तो सरकवून काढला, पाव फेरा फिरवला, परत घातला. पीटीओ टाकला.

आवाज नाही. इतका नाही, की आखाड्यावरच्या कुत्र्यांनी उठून बघितलं.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"लई दिवस झाले की. दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर बघितलं, तवा ध्यानात आलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमी मिस्त्र्यास्नी इचारत होता. मोटी मान्सं बोलायलीत, मधी आपण कशाला तोंड घालावं? अन् मला वाटलं, बेअरिंगचं झाल्यावर तेच बगतील."

"पण हा उलटा बसवला कुणी?" मी विचारलं. क्रॉसवाले, बेअरिंगवाले, लेथवाले मामा, सगळे डोळ्यांपुढून गेले. इतके दिवस ज्याला सगळ्यांनी शिव्या दिल्या तो आधीचा माणूस एकदाचा सापडणार होता.

ड्रायव्हरनं कान खाजवला. "मीच की ओ, सर. रोटा आणताना वाटंत शाफ्ट निसटून दोन तुकडे झाला होता. मीच जोडला."

त्याला बोलावं असं खूप मनात आलं. पण ट्रॅक्टर चालवता येणारा आमच्यात तेवढा एकच होता.

मग दोन दिवस परतीचा पाऊस पडला. आमची जमीन वर काळी, खाली मुरूम. भिजली की रोट्याच्या पात्यांना अशी चिकटते की रोटा शेत घेऊन घरी येईल. वाफसा येईपर्यंत थांबलो. वाफसा आल्यावर सगळ्या शिवारात रोटे सुरू झाले, आमचाही. बांधावरची मंडळी सवयीनं आली, थोडा वेळ बसली आणि उठली. "कायच ऐकू येईना," एक जण निराश होऊन म्हणाले.

पण कीर्ती पसरते. त्याच आठवड्यात शेजारच्या शिवारातल्या एका पाहुण्यांचा फोन आला. त्यांचाही जुना रोटा, एका हातचा. "सर, तुमचा कसा गप केला? आमचा लई वाजायलाय."

"खटखट का खडखड?" मी विचारलं.

"दोन्हीच्या मधला."

मी गेलो. मोटारसायकलवरून उतरलो, रोट्याभोवती सावकाश फिरलो, कशाला हात लावला नाही. बघ्यांपैकी एकाला बॅटरी दिली. चावी काढून घेतली आणि आडवा झालो. "इकडं धरा. इकडं नाही, इकडं." शाफ्टचे काटे बघितले. एक उभा, एक आडवा. एवढं समाधान मला पहिल्या पगाराला झालं नव्हतं.

आतूनच विचारलं, "याला आधी कुणी हात लावला होता?"

"तुमच्याच डायव्हरनं," पाहुणे म्हणाले. "परवा येऊन खोलून, जोडून गेला. सरांच्या रोट्यावर सगळं शिकलोय मनला."